साळवे सिस्टर आणि लोखंडी घोडी

शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या आरोग्य केंद्रात दोन गोष्टी हमखास असायच्या. नळाला पाणी नसायचं, आणि लसीकरणाच्या खोलीमागे साळवे सिस्टर पोतं टाकून मोटारसायकलची चेन घासत बसलेल्या असायच्या. पहिल्या गोष्टीबद्दल मी सहा वर्षं तक्रारी केल्या. दुसरीबद्दल पहिल्याच दिवशी केली आणि तोंडावर पडलो.

मी औषधनिर्माता. नगर शहरातून कोल्हारच्या अलीकडच्या या गावात माझी बदली झाली होती, आणि बदली झालेल्या माणसाचं डोकं असतं तसं माझं तापलेलं होतं. केंद्रात पाऊल टाकतो तर मागच्या भिंतीशी पांढऱ्या कोटातली पन्नाशीची एक बाई उकिडवी बसलेली. ओढणी कमरेला घट्ट गुंडाळलेली. शेजारी जखमा धुताना वापरतात तो स्टीलचा ट्रे, त्यात डिझेल आणि तीन टूथब्रश. समोर मोटारसायकल, तिचं मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. मी नाव-गाव काही न विचारता म्हणालो, "हा ट्रे सरकारी आहे."

"गंजला म्हनून भंगारात काढलाय," बाईंनी मान वर न करता सांगितलं. "कागद औषधाच्या कपाटात हाय, दुसऱ्या खणात. तुमी कोन?"

कागद खरोखरच दुसऱ्या खणात होता.

रूथ साळवे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पगारपत्रकात. बाकी सगळ्यांना त्या साळवे सिस्टर. श्रीरामपूरला राहायच्या, रोज मोटारसायकलवर यायच्या, आणि लसींचा डबा मागच्या सीटवर बांधून वाड्यावस्त्यांवर फिरायच्या. उंचीनं बेताच्या, अंगानं किडकिडीत. गाडी मात्र चांगली भारदस्त, त्यांच्या दुप्पट वजनाची. त्या गाडीला कंपनीनं डबल स्टँडच दिला नव्हता, नुसता बाजूचा टेकू. म्हणून चेन साफ करायला मागून वेगळा स्टँड लावायचा. शहरातली पोरं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव घेतात. आमच्याकडे सगळे त्याला 'सिस्टरची घोडी' म्हणत.

ही घोडी विकत मिळणारी नव्हती. जुन्या लोखंडी पलंगाच्या पाइपा वाकवून, वेल्डिंग करून केलेली. खाली दोन चाकं होती, ती सिस्टरच्या मुलाच्या लहानपणच्या तीनचाकी सायकलची. मुलगा आता पुण्याला नोकरीला, चाकं इथं. वर दोन बाजूंना दोन खोबण्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, गाडीला ओरखडा पडू नये म्हणून.

गाडी घोडीवर चढवणं हे दिसतं तितकं सोपं नाही, हे मला सहा वर्षं बघून कळलं. सिस्टर आधी गाडीचं पुढचं चाक भिंतीला टेकवायच्या. पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधायच्या, म्हणजे गाडी पुढेमागे सरकत नाही. मग डाव्या बाजूला उभं राहून गाडी सरळ करायच्या आणि कमरेनं तोलून धरायच्या. एका हातानं घोडी मागून सरकवायची, खोबण्या चाकाच्या दोन्हीकडच्या दांड्यांखाली नीट बसल्या का ते बोटानं चाचपायचं, आणि मग घोडीचा दांडा खाली दाबायचा. दाबला की चाक अलगद वर. गडबड व्हायची ती मधल्या क्षणात. गाडी तेव्हा धड टेकूवर नसते, धड घोडीवर नसते. सगळा भार माणसावर.

एरवी दोन माणसं लागतात. सिस्टर एकट्या करायच्या. मदतीला कोणी सरसावलं की म्हणायच्या, "लांब ऱ्हावा. तुमी धरलं की मला अंदाज येत न्हाई."

चाक वर गेलं की पुढचं काम निवांत. इंजिन बंद, किल्ली काढून कोटाच्या खिशात, गाडी न्यूट्रलला. डाव्या हातानं चाक थोडंथोडं फिरवायचं, उजव्या हातानं ब्रश. मग फडकं. मग गिअरचं जाड तेल, चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब. मग पाव तास काही करायचं नाही. त्या पाव तासात त्या मीठ लावून पेरू खायच्या, काळ्या हातानं. पेरूला डिझेलचा वास लागत असणार, पण त्यांना कधी लागला नाही. मग जास्तीचं तेल पुसून काढायचं. माझ्यासारख्या अडाण्याला प्रश्न पडायचा, की लावलं कशाला आणि पुसता कशाला. मी एकदा विचारलंही.

"चेनला तेल दिसायला नको, असायला पायजे," त्या म्हणाल्या. "दिसलं की धूळ बसती. धूळ बसली की ती कानशीवानी खाती. आपल्या रस्त्याला धूळ हाय का न्हाई?"

शेवटी दोन बोटांनी चेन खालून वर उचलून किती ढिली आहे ते बघायचं, एका जागी नाही, चाक फिरवत चार जागी. नाडी बघावी तसं. चेहराही तसाच व्हायचा, नजर लांब कुठेतरी. मी स्वतः स्कूटरवाला. स्कूटरला अशी चेन नसते, हे स्कूटर घेण्यामागचं माझं मुख्य कारण होतं. सिस्टरनी ते ऐकलं आणि माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं, त्याच दयेनं त्या डोस चुकलेल्या पोरांकडे बघायच्या.

शनिवारच का, याचंही उत्तर होतं. रविवारी चर्च. आदल्या दिवशी काम उरकलं की हात साफ व्हायला रात्र मिळते. तरी नखं काळीच राहायची. गाण्याच्या पुस्तकाच्या पानांवर त्यांच्या बोटांचे ठसे होते म्हणे, आणि शेजारी बसणाऱ्या बाईनं त्यावरून काहीतरी टोमणा मारला होता. सिस्टरनी तिला सांगितलं, "देवाला ठावं हाय ही नखं कशानं काळी हायेत. तुझी गोरी कशानं हायेत ते बी ठावं हाय."

सॅम्युअलभाऊंची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली, तीही मी विचारलं म्हणून नाही, तर मी एक मूर्खपणा सुचवला म्हणून. चाक हातानं फिरवत बसण्यापेक्षा गाडी चालू करून गिअरमध्ये टाकली तर चाक आपोआप फिरेल, आपण नुसतं फडकं धरायचं, असं मी म्हणालो. वेळ वाचवण्याच्या कल्पना मला नेहमीच सुचतात.

सिस्टरच्या हातातला ब्रश थांबला. "आमच्या मिस्टरांनी तेच केलं हुतं," त्या म्हणाल्या.

सॅम्युअलभाऊ साखर कारखान्यात फिटर होते. यंत्रांत आयुष्य गेलेला माणूस. घरच्या अंगणात गाडी विटांवर टेकवून, इंजिन चालू ठेवून चेन पुसत होते. फडकं चेनमध्ये गेलं आणि फडक्यामागून बोटं. डाव्या हाताच्या दोन बोटांची दोन-दोन पेरं गेली. "मी नर्स. आन मला घरात गॉज सापडंना," सिस्टर म्हणाल्या, आणि ब्रश पुन्हा चालू केला.

क्लच डाव्या हाताला असतो. भाऊंना तो गर्दीत धरवेना. तेव्हा त्यांनी बायकोला गाडी शिकवायची ठरवली. पण आधी ही घोडी बनवली, उरलेल्या बोटांनी. आणि पहिला महिना बायकोला गाडी चालवूच दिली नाही. "नुस्ती उचलली," सिस्टर सांगत. "रोज सकाळी घोडीवर चढवायची, उतरवायची. चारदा अंगावर पडली. ते खुर्ची टाकून बसायचे, उठायचे न्हाई. म्हनायचे, जिला गाडी उचलता येत न्हाई तिनं ती चालवू नये. वाटंत पडली तर कोन येनार हाय?"

मग श्रीरामपुरात पुढे बाई आणि मागे भाऊ असं जोडपं फिरू लागलं. लोक बघायचे. भाऊ म्हणायचे, बघू दे, आपली चेन आवाज करत न्हाई ना, मग झालं. तीन-चार वर्षांनी ते हार्ट अटॅकनं गेले. मी काही त्यांना पाहिलं नाही. पण त्यांचा तो नियम सिस्टरनी आपला करून घेतला होता, आणि तो त्या सगळ्यांना सांगत, हसत हसत: "ज्या शनिवारी मला एकटीला गाडी चढवता आली न्हाई, त्या शनिवारी किल्ली दुसऱ्याला." आम्हीही हसायचो.

हसण्यावरून दसऱ्याचं आठवलं. खंडेनवमीला आमच्याकडे रुग्णवाहिकेची पूजा व्हायची, आणि तिच्यासोबत सिस्टरच्या गाडीचीही. सिस्टर ख्रिस्ती, पण त्यांची काही हरकत नसे. "गाडीला धर्म न्हाई, फक्त तेल पायजे," असं म्हणून त्या स्वतः नारळ आणून द्यायच्या. एका वर्षी आमच्या भाऊसाहेब शिपायाला उत्साह आला. त्यानं पुढे हार घातलाच, शिवाय मागच्या दांडीलाही झेंडूचा लांबलचक हार सोडला, आणि खरं काम चेनच करते म्हणून तिच्यावर हळद-कुंकू वाहून वर नारळाचं पाणी ओतलं. दोनच दिवसांपूर्वी घासलेली चेन. सिस्टर डबा घेऊन घाईत निघाल्या आणि कोल्हारच्या पुलावर गाडी गचका खाऊन थांबली. हार चेनमध्ये ओढला जाऊन दोऱ्याचा असा पीळ बसला होता, की चाक हलेना. भर पुलावर, दोन्हीकडे उसाच्या ट्रॉल्या अडलेल्या, आणि सिस्टर रस्त्यावर बसून टाके काढायच्या कात्रीनं झेंडूचा दोरा कापतायत. लस वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबाला समोर बसवून पूर्ण चेन त्याच्याकडून धुऊन घेतली. त्यानंतर नियम झाला, हार हँडलला, मागं काही न्हाई. भाऊसाहेब पुढे किती तरी दिवस सांगायचा, की चेनीतून कुंकू काढणं हे बाळंतपणापेक्षा अवघड आहे.

पण हे सगळं कशासाठी चालायचं, ते मला हिवाळ्यात एकदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा समजलं. ऊस तोडणाऱ्यांच्या टोळ्या येतात, शेताकडेला उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या, झोपड्या पडतात, त्यांना कोप्या म्हणतात. तिथं जायला पाण्याच्या पाटाकडेची वाट. रुग्णवाहिका जात नाही, माझी स्कूटर दोनदा आडवी झाली. वाटेवर पसरलेलं पाचट चेनमध्ये अडकतं, म्हणून सिस्टर मध्ये मध्ये थांबून वाकून बघायच्या. कोप्यांतल्या बायका पहाटेच उसाच्या फडात गेलेल्या असतात, दुपारी भाकरीला येतात, तेवढाच तास पोरं हाताला लागतात. तो तास चुकला की टोळी दुसऱ्या शिवारात, पोराचा डोस राहिला तो राहिला. सिस्टरचा चुकत नसे. गाडीचा आवाज ऐकून पोरं पळायची, आणि आया त्यांना धरून आणायच्या. एका बाईनं मला सांगितलं, मागच्या साली दुसऱ्या जिल्ह्यात आमच्याकडं कोनीच आलं न्हाई, हितं ही बाई येती.

मग मागच्या वर्षी सिस्टरचा उजवा हात मोडला. गाडीवरून पडून नाही, घरच्या न्हाणीघरात पाय घसरून. याचा त्यांना फार राग होता. "पाटाच्या वाटंनं इतकी वर्सं कदी पडले न्हाई, आन साबनावर पडले." सहा आठवडे प्लास्टर. निवृत्तीला सात महिने राहिले होते. आमचे डॉक्टर तरुण आणि मनाचे चांगले. ते म्हणाले, सिस्टर, आता इथंच बसा, नोंदी बघा, फिरतीचं आपण काहीतरी करू. ते 'काहीतरी' काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. नवीन आलेली रेश्मा शेख सिस्टर केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची. हुशार मुलगी, तिला स्कूटी यायची, पण मोटारसायकलचं नाव काढलं की हात जोडायची.

प्लास्टर निघालं. श्रीरामपूरच्या शेजाऱ्याकडून सिस्टरनी गाडी केंद्रात आणवली. शनिवारी आठ वाजता त्या मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. मनगट बारीक झालेलं दिसत होतं. मी औषधं लावायचं सोडून बाहेर आलो. त्यांनी ब्रेक बांधला, गाडी सरळ केली, घोडी सरकवली, दांडा दाबला. चाक वर गेलं नाही. पुन्हा दाबला. त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

तिसऱ्या वेळी मी हळूच मागे गेलो, आणि त्या खाली बघत असताना सीटमागची दांडी धरून गाडी वर ओढली. चाक उचललं गेलं. मी दोन पावलं मागे सरून झाडाकडे बघत उभा राहिलो. सिस्टरनी ब्रश डिझेलात बुडवला. पुढच्या शनिवारी मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही. आपण फार शहाणपणा करतोय असं मला वाटत होतं. सिस्टर सोमवार ते शुक्रवार फिरतीवर जात होत्या, पोरांना डोस मिळत होते, कोणाचं काय बिघडत होतं?

चौथ्या शनिवारी दांडा दाबायच्या आधीच त्या थांबल्या. "गोरे सर," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पयल्या दिवशीच कळलं हुतं मला. माझ्या हाताला वजन कळत न्हाई व्हय? मी गप ऱ्हायले. मलाच पायजे हुतं ते, म्हनून गप ऱ्हायले." मग वळल्या. डोळे लाल झालेले. "बुधवारी पाटावर पडले. डबा बरा ऱ्हायला. गाडी उचलंना. पाऊन तास उभी हुते तिथं. एक टमटमवाला आला तवा उचलली. कोप्यावर गेले तर बाया परत फडात. तुमी येनार हाय का माझ्या मागं, रोज, दांडी धरायला?"

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, चांगलं करायला गेलेल्या माणसाला येतो तो. पण चूक माझीच होती. तीन शनिवार मी त्यांच्या हातातला अंदाज काढून घेतला होता.

"आज कोनी जवळ यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. भाऊसाहेब, रेश्मा, मी, सगळे व्हरांड्यात उभे. डॉक्टरही बाहेर आले. सिस्टरनी दांडा दाबला. नाही. श्वास घेतला, दोन्ही तळवे कोटाला पुसले, पुन्हा दाबला. चाक दोन बोटं वर गेलं आणि परत टेकलं. तिसऱ्या वेळी घोडी एका बाजूनं निसटली आणि गाडी त्यांच्या अंगावर कलली. त्यांनी ती कमरेनं अडवली. पाय रोवून, दात आवळून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही कोणी हललो नाही, कारण त्यांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो फार वाटला.

"आता या," त्या म्हणाल्या.

आम्ही धावलो, गाडी टेकूवर लावली. सिस्टरनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली, फडक्यानं पुसली, आणि रेश्माच्या हातात ठेवली. रेश्मा म्हणाली, "सिस्टर, मला नाही हो जमणार." सिस्टर म्हणाल्या, "चालवायला कोन सांगतंय? पयला महिना नुस्ती उचलायची."

तो महिना रेश्मानं काढला. गाडी किती वेळा पडली ते मी मोजलं नाही. भाऊसाहेबाची मात्र पैज लागलेली असायची. दुसऱ्या महिन्यात ती मैदानात चालवायला लागली, तिसऱ्यात पाटाच्या वाटेनं. सिस्टर श्रीरामपूरहून एसटीनं यायच्या आणि फिरतीला रेश्माच्या मागे बसायच्या, लसींचा डबा मांडीवर. पूर्वी सॅम्युअलभाऊ बसायचे तशा. रस्त्यात लोक बघायचे. सिस्टर वाकून चेनीकडे बघत असायच्या.

जिल्ह्याचं नाव बदललं, केंद्राचे शिक्के बदलून आले, त्याच सुमारास त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, डॉक्टरांचं भाषण. गाडी त्यांनी रेश्माकडेच ठेवली, घोडीसकट. पुढच्याच महिन्यात माझीही बदली झाली. सामान न्यायला मी शेवटचा गेलो तो योगायोगानं शनिवार होता. आठ वाजत होते. औषधांच्या खोलीच्या खिडकीतून मागची भिंत दिसते, आणि तिथं साळवे सिस्टर उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांना तिथं कुठलीही ड्युटी नव्हती. एसटीनं आल्या असणार.

रेश्मानं ओढणी कमरेला बांधली, ब्रेक आवळला, गाडी सरळ केली आणि घोडी सरकवली. सिस्टर तिच्या मागे, एका पावलावर. दांडा दाबताना गाडी जराशी डगमगली. सिस्टरचा उजवा हात एकदम पुढे झाला, सीटमागच्या दांडीपर्यंत गेला, बोटं उघडली. रेश्माचं लक्ष नव्हतं, ती खाली बघत होती.

मग सिस्टरनी तो हात मागे घेतला, आणि डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं. चाक वर जाईपर्यंत सोडलं नाही.